शुक्रवारचं विमान

तेलंगणातल्या आदिलाबादजवळ, बेल्यात माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकाला तेल-साखरेबरोबर फुकट सल्ला द्यायची मला खोड आहे, आणि माझं ऐकून कुणाचं वाटोळं झालं तर तो त्याच्या नशिबाचा भाग, असं मी आजवर समजत आलो. म्हणून पूनमचं तिकीट आलं तेव्हा ते वाचायचा मानही मीच घेतला.

पूनम माझी एकुलती एक लेक. तिची आई रुख्मिणी चार वर्षांपूर्वी गेली. दोन वर्षांपूर्वी पूनमचं लग्न झालं आणि महिनाभरात जावई वैभव ऑस्ट्रेलियात, पर्थ शहराच्या पलीकडं खाणीत कामाला गेला. पूनमचा व्हिसा काही केल्या येईना. दोन वर्षं ती माझ्याकडंच राहिली, माझ्याच दुकानात बसली. शेवटी एकदाचा व्हिसा आला. त्यावर अट होती की चौदा नोव्हेंबरच्या आत तिनं त्या देशात उतरलं पाहिजे. चौदा चालेल, पंधरा नाही. पंधरा झाली की व्हिसा बाद आणि सगळं पहिल्यापासून.

चौदा तारीख लांब होती तेव्हा मी म्हटलं, पोळा करून जा. पोळा झाल्यावर म्हटलं, दसरा. मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न. वैभव बिचारा प्रत्येक वेळी "बरं मामाजी" म्हणत गेला. असं करत करत आम्ही अगदी शेवटच्या दिवसावर येऊन टेकलो. हे मीच केलं, दुसऱ्या कुणी नाही.

तिकीट वैभवनं काढून पाठवलं. मी त्याची छापील प्रत काढून गल्ल्यावर चिकटवली आणि येईल त्याला समजावून सांगू लागलो. हैदराबाद ते क्वालालंपूर तीन हजार किलोमीटर, सव्वाचार तास. तिथं दोन-सव्वादोन तास बसायचं. मग पर्थ, चार हजारांच्या वर, साडेपाच तास. म्हणजे बेल्याहून आदिलाबादला दोनशे वेळा जावं तेवढं अंतर, आणि वेळ फक्त बारा तास. लोक तोंडात बोट घालत.

तिकिटावर लिहिलं होतं: हैदराबाद, शुक्रवार चौदा, शून्य वाजून चाळीस. आता रात्री बारा चाळीसला आपण काय म्हणतो? शुक्रवारची रात्र. आपल्याकडं वार सूर्य उगवला की लागतो आणि दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत तोच चालतो. माझ्या आजाच्या आजापासून हेच चाललेलं आहे. तेव्हा शुक्रवारी दुपारी जेवून निघायचं आणि शुक्रवारी रात्री विमानात बसायचं, इतकं ते सरळ होतं.

पूनमनं एकदा विचारलं, "बाबा, पोचायची तारीख बी चौदाच हाय. दुपारचे तीन दहा. रात्री निघून त्याच दिवशीच्या दुपारी कशी पोचीन मी?"

मी तिला चंदनचं उदाहरण दिलं. चंदन आमच्याकडचा मेडिकलवाला. त्याचा भाऊ अमेरिकेला गेला तेव्हा इथून ज्या तारखेला निघाला त्याच तारखेला तिथं उतरला होता. "परदेशातलं घड्याळ आपल्या मागं राह्यते," मी म्हटलं. "तू सामान भर."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा होता.

त्यात माझी मोठी बहीण तुळजाबाई. ती तामसीला असते. शुक्रवारी लेक घराबाहेर काढली तर घरची लक्ष्मी जाते, असं तिनं फोनवर बजावलं. मग उपाय काय? प्रस्थान. म्हणजे चांगल्या दिवशी जाणाऱ्याचं काहीतरी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस त्याच दिवशी निघाला असं धरायचं, मग प्रत्यक्षात पाय केव्हाही उचला. बुधवारी सकाळी ती स्वतः बसनं आली. पूनमची एक साडी, हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ तिनं कापडात बांधले. "जाणाऱ्याच्या खऱ्या कामाचं कायतरी पाह्यजे," म्हणाली, पासपोर्टही त्यातच घातला आणि गाठोडं तामसीला घेऊन गेली. शुक्रवारी जाता जाता तिच्याकडून उचलायचा असं ठरलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी दुपारी तीन वाजता वैभवचा फोन आला. पूनमचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि ती गादीवर बसून गिऱ्हाईक पाहत होती. मी मागच्या गोदामात पोती मोजत होतो.

"मामाजी, पूनम फोन उचलून नाही राह्यली. निघाले ना तुमी लोक?"

"कुठी?"

"हैदराबादले. मी आता खाणीवरून निघून राह्यलो. मंग दोन-तीन तास नेटवर्क नसते, म्हणून म्हटलं विचारून घ्यावं. उद्या दुपारी तीनले मी एअरपोर्टवर उभा राह्यतो तिच्यासाठी."

"उद्या?" मी म्हटलं. "तुमच्याकडं आता किती वाजले?"

"साडेपाच."

माझ्या घड्याळात तीन होते. त्याचं घड्याळ मागं नव्हतं, पुढं होतं. अडीच तास पुढं. उद्या दुपारी तिथं तीन दहा म्हणजे आपल्याकडं बारा चाळीस. त्यातून बारा तास वजा केले की रात्रीचे बारा चाळीस. आज रात्रीचे. मी पोत्यावर बसलो.

"मामाजी? निघाली ना पूनम?"

"हाव," मी म्हटलं. "निघाली."

का म्हटलं? लाज वाटली म्हणून. महिनाभर सगळ्या गावाला विमान शिकवणारा मी, जावयाला काय सांगू की आम्ही उद्याची वाट पाहतो आहोत? हे पहिलं कारण, आणि ते खरं आहे. पण फोन ठेवल्यावर मी उठायला हवं होतं, आणि मी उठलो नाही. त्याचं कारण वेगळं.

मला कळलं होतं की मी काही केलं नाही तर ती जाणार नाही. कुणाला दोष द्यायला नको, कुणाशी भांडायला नको. चूक आधीच होऊन गेलेली होती. उद्या दुपारी आम्ही जेवून निघू, रात्री विमानतळावर पोचू, तिथला माणूस म्हणेल की तुमचं विमान काल गेलं. मी कपाळावर हात मारून घेईन. पूनम रडेल, दोन दिवस जेवणार नाही, आणि मग पुन्हा सकाळी सात वाजता दुकानाचं शटर वर करेल. आणखी एक वर्ष, कदाचित दोन. संध्याकाळी घरात कुणीतरी असेल. मी हे सगळं तांदळाच्या पोत्यावर बसून अगदी नीट पाहिलं, आणि मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. मला फार बरं वाटलं.

सव्वातीन झाले, साडेतीन झाले. मी मूग गिळून बसलो होतो आणि मनातल्या मनात बेला ते हैदराबाद अंतर मोजत होतो. तामसीचा फेरा धरून विमानतळापर्यंत चारशे किलोमीटरच्या वर. विमानाच्या तासभर आधी, अकरा चाळीसला, सामान घेणं बंद होतं. आत्ता उठलो तर जमेल. आत्ता उठलो तर कसंबसं जमेल. बसल्या बसल्या मी माझ्या लेकीची मिनिटं खात होतो आणि ते मला माहीत होतं.

मग पुढून भागाबाईचा आवाज आला. म्हातारी रोज चहापत्तीची पुडी घ्यायला येते आणि अर्धा तास सगळ्या पुड्या चाचपत बसते. पूनम तिच्यावर खेकसली, "घ्यायचं त घ्या, न्हाई त पुढं व्हा. मले काय हेच काम हाय का?"

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझं. मी वीस वर्षं भागाबाईला हेच म्हणत आलो आहे. भागाबाई हसली. "बापाच्या गादीवर बापासारखीच बसली वं पोट्टी," म्हणाली.

मी उठून दारात आलो. पूनम गल्ल्यावर कोपर टेकून, कपाळाला आठ्या घालून बसली होती. सत्तावीस वर्षांची माझी पोर, आणि मला ती पन्नाशीची दिसली.

"पूनम, ऊठ," मी म्हटलं. "विमान आज हाय. जा, कपडे बदल. जा लवकर."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मला वाटलं होतं की ती किंचाळेल, मला बोल लावेल. तिनं एक प्रश्नही विचारला नाही. गल्ल्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि आत गेली. भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

चंपत ड्रायव्हरची गाडी शुक्रवारसाठी ठरवलेली होती. तो घरी दुपारची झोप काढत होता. त्याला उठवून, बॅगा टपावर बांधून निघायला चार दहा झाले. रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या होत्या. चंपत एकेकीला हॉर्न मारत होता आणि बैल आपल्याच चालीनं चालत होते.

"मामा, पह्यले सांगतलं असतं त," चंपत म्हणाला.

"रस्त्याकडं पाह्य," मी म्हटलं.

पूनम मागं बसली होती. मी वैभवला फोन लावून पाहिला, लागला नाही. तुळजाबाईला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आदिलाबाद आलं तेव्हा पाच वाजत होते. तामसीला पोचलो तर साडेपाच, आणि तिच्या दाराला कुलूप.

शेजारणीनं सांगितलं, "आत्या त वावरात गेल्या. कापूस वेचून राह्यल्या."

"अन् फोन?"

"फोन घरातच ठेवतात. हरपते म्हणून."

कुलूपबंद घरात बहिणीचा फोन होता आणि माझ्या लेकीचा पासपोर्ट. मी कुलूप हातात धरून ओढलं. चंपत दगड शोधू लागला. पण पूनमनं साडी खोचली आणि शेताकडं पळत सुटली. मी मागून गेलो. माझ्यानं धावणं होईना. बांधावर उभा राहून पाहिलं तर ती पऱ्हाटीच्या ओळींतून वाकडी-तिकडी पळत होती, आणि पार त्या टोकाला कमरेला ओटी बांधलेल्या चार बाया आपल्या नादात वेचत होत्या. सूर्य बुडाला होता. पूनमचा आवाज येत होता, "आत्या! आत्या!" आणि कुणीच मान वर करत नव्हतं.

तुळजाबाई आली तीही धापा टाकत. कुलूप काढलं, देवघरातून गाठोडं आणलं आणि म्हणाली, "थांब, कुंकू लावतो. अशी कोरड्या कपाळानं..."

"आक्का, सोड!" मी ओरडलो. आयुष्यात मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो.

"गुरुवारी कोण पाठवते दक्षिणेले?" तीही ओरडली. "शुक्रवार म्हणला होता ना तू?"

"म्या म्हणलं होतं! म्याच म्हणलं होतं!"

तिनं बोटानं पूनमच्या कपाळाला कुंकू फासलं, कुरवाळलं आणि रडू लागली. पूनम रडली नाही. गाडीत बसल्यावर तिनं गाठोडं सोडून पासपोर्ट काढला आणि शेवटपर्यंत हातातच धरून ठेवला. तांदूळ सीटवर सांडले.

मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा सव्वासहा झाले होते. विमानतळ अजून साडेतीनशेच्या आसपास होतं. पाच तास पंचवीस मिनिटं. तासाला पासष्ट पडले पाहिजेत, तेही कुठं न थांबता. मी मोबाइलवर किलोमीटर पाहत होतो आणि दर दहा मिनिटांनी भागाकार करत होतो. चंपत शंभरच्या खाली येत नव्हता. नेरडीगोंडा मागं पडलं तेव्हा चौसष्ट पुरत होते, मग त्रेसष्ट, मग बासष्ट. मला जरा श्वास आला.

मग निर्मलच्या घाटात गाडी थांबली. पुढं लाल दिव्यांची रांग वळणापलीकडं गेलेली होती. खाली कुठंतरी एक ट्रक आडवा झाला होता.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी सारखा भागाकार करत होतो. सदुसष्ट. सत्तर. हा ट्रक कधी आडवा झाला म्हणून मी एका लॉरीवाल्याला हिंदीत विचारलं.

"अभी आधा घंटा हुआ, चाचा," तो म्हणाला.

अर्धा तास. म्हणजे मी तीन वाजताच उठलो असतो तर ट्रक आडवा व्हायच्या आधी आम्ही हा घाट उतरून गेलो असतो. ट्रकचा दोष नव्हता, कुलपाचा नव्हता, बहिणीचा नव्हता. ती चाळीस मिनिटं मी पोत्यावर बसून गिळली होती, आणि आता ती माझ्या नरड्यात अडकली होती.

मी पायीच खाली गेलो. ट्रक क्लीनरच्या बाजूनं कलंडलेला होता आणि एका कडेनं गाडी निघेल एवढी वाट होती, पण दोन्हीकडचे ड्रायव्हर तोंडाला तोंड लावून अडून बसले होते. मी मधे उभा राहिलो. मला येतं तेवढं तेलुगू, हिंदी, मराठी सगळं एकदम बोललो. एकाच्या पाया पडलो. "अम्मायी, फ्लाइट, सार," पोरीचं विमान आहे, एवढंच सारखं म्हणत होतो. एक तेलुगू ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं मागच्या गाड्या सरकवल्या, आपला ट्रक मागं घेतला आणि मग एकेक गाडी सुटू लागली. आमची गाडी निघाली तेव्हा सात पन्नास झाले होते.

त्यानंतरचं मला धड आठवत नाही. कामारेड्डी आलं, गेलं. कुणी पाणीसुद्धा प्यालं नाही. मी एकदा मागं वळून म्हटलं, "पूनम, मले तुले एक सांगायचं हाय." ती म्हणाली, "पह्यले पोचू द्या बाबा." मी पुन्हा समोर पाहू लागलो. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. रिंग रोडला चंपतनं एकशे तीस मारले आणि मी त्याला टोकलं नाही.

विमानतळाच्या दारात उतरलो तेव्हा अकरा तेहतीस झाले होते. सात मिनिटं उरली होती. बंदूकवाल्या जवानानं पूनमचा पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. मी बॅगेची गाडी ढकलत पुढं जाऊ लागलो तर त्यानं हात आडवा घातला. पुढं फक्त जाणाऱ्यानं जायचं. हे मला माहीत नव्हतं. विमानाचं सगळं माहीत असलेल्या मला एवढं माहीत नव्हतं की निरोप दारातच घ्यायचा असतो.

तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला की नुसता हवेतच फिरवला, तेही मला कळलं नाही. गाडी ढकलत ती पळाली. काचेतून ती दिसली, मग खांबाआड गेली.

अकरा चाळीस झाले. बारा वाजायला आले. चंपत चहा आणू का म्हणाला. मी नको म्हटलं. तिला आत घेतलं की नाही हे कळायला मला काही मार्ग नव्हता. परत यायची असली तर ती याच दारातून येईल, म्हणून मी दाराकडं पाहत उभा राहिलो. आणि खरं सांगतो, तिथंसुद्धा मनाचा एक कोपरा म्हणत होता, येऊ दे. त्या कोपऱ्याला मी शिव्या घातल्या, तरी तो गेला नाही.

बारा पाचला फोन वाजला.

"बाबा, झालं. सामान घेतलं. दोन मिनिटं राह्यले होते. आता पासपोर्टच्या रांगेत हाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते आनंदाचं नव्हतं, दुःखाचंही नव्हतं. घाबरून राहिलेलं सगळं बाहेर येत होतं.

"बाबा, मघाशी तुमी काय सांगत होते?"

"काई न्हाई."

"मी सांगू?" तिचा आवाज हळू झाला. "वैभवचा मेसेज आला होता. 'मामाजी म्हणते तू निघाली. नीट ये.' पाणी प्यायले आत गेली तवा वाचला. सव्वातीनले."

मी घड्याळाकडं पाहिलं, उगाच.

"मंग... मंग तू बोलली काऊन न्हाई?"

"तुमी काऊन न्हाई बोलले?"

माझ्याकडं उत्तर होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं.

"मी गादीवर येऊन बसली, बाबा. तुमी गोदामात होते. मले माईत होतं तुमाले माईत हाय म्हणून. मी ठरवलं, तुमी सांगतलं त जाईन. न्हाई सांगतलं त मी बी काई बोलणार न्हाई. वैभवले सांगतलं असतं, तारीख वाचण्यात चूक झाली. मले माईत होतं हे तुमाले त कधी समजलंबी नसतं. मले बी एकट्या माणसाले सोडून जाणं होऊन नव्हतं राह्यलं."

इतका वेळ मी समजत होतो की ती चाळीस मिनिटं माझी एकट्याची होती. मधे एक भिंत, भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं ती, आणि दोघं एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत बसलेलो.

फोनमधून कुणीतरी तिला पुढं सरकायला सांगत होतं. ती हलली नसावी. "बाबा, अजून बी टाइम हाय," ती म्हणाली. "म्हणान त येतो मी वापस."

"जा," मी म्हटलं. त्या दिवशी हा शब्द मी दुसऱ्यांदा म्हणत होतो, आणि या वेळी त्याला चाळीस मिनिटं लागली नाहीत.